धुराडं नसलेली कापडगावं

चंद्रपूर म्हटलं की कोळशाच्या खाणी आठवतात, वीजकेंद्र आठवतं, बल्लारपूरचा कागद आठवतो. कापड सहसा कुणाला आठवत नाही. मूलहून गडचिरोलीला जाताना सावली लागतं, आणि वैनगंगेपलीकडे आरमोरी. इथे कापडाच्या गिरणीचं धुराडं कधी उभं राहिलं नाही. तरी कितीतरी घरांच्या चुली सुतावर आणि टसर रेशमाच्या कोशावर पेटल्या.

चांद्याचं, म्हणजे जुन्या चंद्रपूरचं, हातसूत एके काळी नामांकित होतं. एक पौंड सूत 117 मैल लांब भरल्याची नोंद इंग्रजी अमदानीत झाली आहे. म्हणजे सुमारे 188 किलोमीटर. चंद्रपुरातून धागा सोडला तर नागपूर ओलांडून पुढे जावा! या कामात महार समाजातल्या स्त्रियांचा हात मोठा होता. विलायती सूत येतच होतं; त्यात 1 जानेवारी 1877 ला नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. विणकर कोष्ट्यांचे माग गिरणीच्या सुतावर कसेबसे चालत राहिले. कातणाऱ्या बाईचं काम मात्र गेलं.

कोसा मात्र टिकला, कारण तो पिकतो जंगलातल्या येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडावर. ढिवर समाजाचे बांधव हंगामात जंगलात झोपडी घालून राहतात. झाडावर सोडलेल्या अळ्या पाला खातात, चारदा कात टाकतात. एका झाडाचा पाला सरला की अळ्यांसकट डहाळी तोडून दुसऱ्या झाडावर न्यायची. दिवसभर पाखरं हाकलायची, मुंग्यांवर नजर ठेवायची. शेवटी देठ असलेला टणक कोसा हाती येतो. तो खाराच्या पाण्यात उकळून बायका धागा काढतात. पूर्वी कित्येक कोशांचे तंतू एकत्र धरून उघड्या मांडीवर वळायच्या. मांडीची कातडी सोलवटून निघायची. आता बऱ्याच ठिकाणी यंत्र आलं, हे फार बरं झालं. विदर्भाच्या करवती साडीचं अंग या टसरचं असतं आणि किनार सुताची. करवतीच्या दातांसारखी ती नक्षी उठवायला विणकर तीन धोटे हातानं चालवतो.

सावलीला खादीचं मोठं केंद्र होतं. 1936 च्या फेब्रुवारीअखेरीस गांधी सेवा संघाचं अधिवेशन तिथे भरलं आणि गांधीजी त्यासाठी आले. गावाला त्या भेटीचा अभिमान आहे, असायलाच हवा. मला मात्र त्याआधीची एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. ऑक्टोबर 1935 मध्ये खादीचं काम पाहणाऱ्या चरखा संघानं ठरवलं की कातणाऱ्या बाईला पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, मग खादी महाग झाली तरी चालेल. महाराष्ट्रात संघाचे श्रीकृष्णदास जाजू यांनी ते मनावर घेतलं. कापडाची किंमत पहिल्या हातापासून मोजायची, हा विचार त्या ठरावात आहे.

कोशाच्या बाबतीत पहिला हात ढिवराचा. त्याची झाडं वनखात्याच्या जमिनीवर. 2006 च्या वनहक्क कायद्यानं अशा जमिनीवर हक्क मागायची वाट काढली आहे. याच गडचिरोलीत लेखा-मेंढा गावानं 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून दाखवला. पण ढिवर अनुसूचित जमातींच्या यादीत नाहीत. त्यामुळे 2005 च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, आपण या जंगलावर जगत आलो हे त्यांना दाखवावं लागतं. शाळेचा उंबरठा न पाहिलेल्या आजोबांचा दाखला आणायचा कुठून? कायद्याच्या नियमांनुसार गॅझेटियर, जनगणना यांसारखे सरकारी कागद आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदनही पुरावा म्हणून चालतं. आरमोरी, सावली, नागभीड तालुक्यांतल्या ग्रामसभांनी आपल्या कोसा पिकवणाऱ्यांचे दावे या आधारावर तयार करावेत. गावातल्या शिकलेल्या मुलांनी जुने सरकारी कागद शोधून काढावेत, आणि म्हाताऱ्या माणसांचं सांगणं लिहून घ्यायला या हंगामापासूनच बसावं.