हक्कसोड आणि माहेर

(वारूळवाडी येथील भाषणाचा गोषवारा)



हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत महाराष्ट्राने १९९४ साली मुलीला मुलाइतकाच वाटा दिला; मात्र त्यापूर्वी विवाह झालेल्या मुलींना वगळले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती उणीव दूर केली आणि हा हक्क जन्मतःच प्राप्त होतो, असे २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. तरीही २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील वहितीधारकांत स्त्रिया सुमारे १४ टक्केच होत्या.

कायदा अडतो तो हक्कसोडपत्रापाशी. कुकडीच्या पाण्याने आणि पुणे-नाशिक रस्त्याने वारूळवाडी-नारायणगाव परिसरातील जमिनीचे मोल वाढले, तशी बहिणीच्या सहीची निकडही वाढली. सही केली तर ती गुणाची. वाटा मागितला तर माहेर तुटते. ज्या व्यवहारात नकाराची किंमत एकाच पक्षाने मोजायची, त्याला स्वेच्छेचा व्यवहार म्हणता येत नाही.

‘हुंडा दिला, तोच तिचा वाटा’ हा युक्तिवादही टिकत नाही. हुंडा १९६१ पासून गुन्हा आहे. शिवाय तो पडतो सासरच्या हाती, तिच्या नव्हे.

याच जुन्नर तालुक्यात ओतूरच्या सत्यशोधकांनी एकोणिसाव्या शतकात पुरोहिताविना विवाह लावण्याचे धैर्य दाखवले. त्यांचा वारसा सांगणाऱ्यांना बहिणीचे नाव सातबाऱ्यावर ठेवणे जड का जावे? समतेचे ठराव पुष्कळ झाले. कार्यकर्त्याने आधी स्वतःच्या घरातील हक्कसोडपत्र थांबवावे. मगच गावाला समता सांगावी.