जुन्या व्हॉल्व्ह-रेडिओंची ओळख आणि नोंद



ग्रंथालय म्हटले की पोथ्या, हस्तलिखिते, जुने अंक डोळ्यांसमोर येतात. तथापि टोंकखुर्दसारख्या माळव्यातील गावी माळ्यावर धूळ खात पडलेला व्हॉल्व्हचा रेडिओ हाही वाचता येण्याजोगा ऐवज होय. लिपी तेवढी निराळी. भंगारवाला तो वजनावर नेतो, नाहीतर एखादा हौशी गृहस्थ आतले सारे फेकून देऊन रिकाम्या पेटीत शोभेच्या वस्तू मांडतो. दोन्ही प्रकारांत मजकूर नाहीसा होतो.

मर्फी, बुश, फिलिप्स, नॅशनल-एको ही नावे सर्वांच्या परिचयाची. पण नाव वाचले म्हणजे ओळख पटली असे नव्हे. एकाच नावाखाली अनेक नमुने निघाले. खरी साक्ष मागच्या पुठ्ठ्याची. तो हरवला असेल तर व्हॉल्व्हच बोलतात. युरोपीय पद्धतीत पहिले अक्षर आतील तापणाऱ्या तंतूविषयी सांगते. ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट, ‘यू’ म्हणजे १०० मिलिअँपिअर, एकापुढे एक ओवलेले, ‘डी’ म्हणजे १.४ व्होल्ट, अर्थात बॅटरीचा संच. डीके ९६, डीएल ९६ हे व्हॉल्व्ह दिसले की तो रेडिओ बॅटरीवर चालण्यासाठी केलेला, असे लिहावे.

‘यू’ मालिकेचा संच मात्र जपून हाताळावा. त्यात बहुधा ट्रान्सफॉर्मर नसतो. आतील लोखंडी सांगाडा थेट विजेच्या तारेला जोडलेला असू शकतो. ‘जरा लावून तर पाहू’ हा मोह जिवावर बेतू शकतो. नोंद करण्यासाठी रेडिओ वाजलाच पाहिजे असे नाही.

कालनिर्णय हा याहून नाजूक विषय. आकाशवाणीचे इंदूर केंद्र १९५५ साली सुरू झाले. तेव्हा तबकडीवर कारखान्यातच ‘इंदूर’ छापलेले असेल, तर ती तबकडी त्याआधीची असण्याचा संभव फार थोडा. उलट, ते नाव नसल्याने काहीच सिद्ध होत नाही. कित्येक तबकड्यांवर मोजकीच केंद्रे छापली जात. व्हॉल्व्हवरून वर्ष ठरवणे तर अधिकच फसवे. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६०च्या दशकात व्हॉल्व्ह बनवले; त्यांतला एखादा आत सापडला म्हणजे सबंध संच त्या काळचा, असा निष्कर्ष उत्साही मंडळी काढतात. तो व्हॉल्व्ह दुरुस्तीत बदललेलाही असेल! सर्वांत नवा भाग शेवटच्या दुरुस्तीचा काळ सांगतो, जन्माचा नव्हे.

म्हणून पुसण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत: पुढून, मागून, पुठ्ठा काढून. आपण नुसते झाडून-पुसून लख्ख करण्यात पटाईत! तबकडीच्या काचेवर कोणी सिलोनपाशी पेन्सिलीची खूण केलेली असते. ओल्या फडक्याच्या एका फटक्यात ती जाते, आणि त्या घरी संध्याकाळी काय ऐकले जाई याचा पुरावाही जातो. टपाल कचेरीतून पूर्वी मिळणारे परवान्याचे पुस्तक सापडल्यास ते रेडिओपासून वेगळे करू नये. घरातील आजींना विचारावे: रेडिओ कुठल्या खोलीत होता? बटणाला हात लावण्याचा अधिकार कोणाचा? बॅटरी संपली की नवी कोण आणून देई? उत्तर त्यांच्याच शब्दांत, तारखेसह लिहून घ्यावे.

आणि नोंदपत्रात जे पाहिले ते एका रकान्यात, जे ऐकले ते दुसऱ्यात आणि जो तर्क केला तो तिसऱ्यात लिहावा. तिसरा रकाना पेन्सिलीने भरावा.