इंग्रजी वाक्य सुधारताना

गंगाखेडसारख्या गोदाकाठच्या गावात मराठी माध्यमातून शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या कानी इंग्रजी बहुधा तासापुरतेच पडते, म्हणून वाक्य जुळवताना तो मराठीच्या घडणीचाच आधार घेतो. अशा वाक्यावर नुसती तांबडी रेघ ओढल्याने फारसे साधत नाही. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ एस. पिट कॉर्डर यांनी १९६७ साली दाखवून दिल्याप्रमाणे, घाईत घडलेली चूक विद्यार्थी स्वतःच सुधारू शकतो. पण जी वारंवार होते, तिच्यामागे त्याने मनाशी बांधलेला एखादा नियम असतो आणि तो नियम सापडल्याखेरीज दुरुस्ती टिकत नाही.

‘काल मी परभणीला गेलो होतो’ या वाक्याचे ‘आय हॅड गॉन टू परभणी यस्टरडे’ असे रूपांतर सर्रास होते, कारण ‘गेलो होतो’ आणि ‘हॅड गॉन’ या दोन्ही रूपांना शाळेत पूर्ण भूतकाळ हे एकच नाव शिकवले जाते. नाव एक असले तरी काम वेगळे आहे. मराठीत हे रूप होऊन गेलेल्या एकट्या घटनेलाही चालते, तर इंग्रजीत ते मुख्यतः भूतकाळातील दोन घटनांपैकी आधीची दाखवते. म्हणून येथे ‘आय वेंट’ योग्य, आणि स्टेशनावर पोचण्यापूर्वीच गाडी सुटली असेल, तर ‘द ट्रेन हॅड लेफ्ट’ योग्य.

शब्दांच्या बाबतीत शब्दसाहचर्य, म्हणजे कोणता शब्द कोणाच्या जोडीने येतो हे, अर्थाइतकेच महत्त्वाचे असते. मराठीत एखाद्या गोष्टीविषयी चर्चा होते, म्हणून ‘डिस्कस अबाउट’ लिहिले जाते. परंतु ‘डिस्कस’ हे क्रियापद आपले कर्म थेट घेते, त्याला ‘अबाउट’ लागत नाही. अशा जोड्या दाखवणारे कोश शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम रचलेले असतात. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांसह सिद्ध केलेला असा कोश १९४२ साली टोकियोत प्रसिद्ध झाला, आणि त्याच परंपरेतील ऑक्सफर्डचा कोश आज सहज मिळतो.

पालकांनी व शिक्षकांनी एका वेळी एकाच प्रकारची चूक हाती घ्यावी, ‘असे का लिहिलेस?’ हे न रागावता विचारावे, आणि कारण समजल्यावर त्याच धर्तीची तीन नवी वाक्ये विद्यार्थ्याकडून त्याच्या रोजच्या व्यवहारातील विषयांवर लिहून व मोठ्याने म्हणून घ्यावीत. कारण उमगलेला विद्यार्थी पुढचे वाक्य लिहितानाच सावध होतो, आणि आपली चूक आपणच शोधण्याची सवय त्याला शाळा सुटल्यावरही उपयोगी पडते.