सहीपूर्वीचे शिक्षण



1875 सालच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध रयतेचा उठाव झाला, आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांत गावोगाव पसरत गेला तेव्हा जमावाचा मुख्य रोख कर्जखते व हुकूमनामे हस्तगत करून जाळण्यावर होता. त्या खतांवर नांगराची निशाणी करणाऱ्या कुणब्याला वरचा मजकूर वाचता येत नव्हता. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 साली शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा केला. त्या कायद्याने सावकारावर पावती देण्याचे, सालाचा हिशेब लिहून देण्याचे व मागणी होताच खातेपुस्तक देण्याचे बंधन घातले. परंतु निरक्षर ऋणकोच्या हाती पडलेले खातेपुस्तक त्याला दुसऱ्याकडूनच वाचून घ्यावे लागे, आणि तो दुसरा कोण असेल यावर त्याचे नशीब अवलंबून राही.

आज साक्षरता पुष्कळ वाढली आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2024 मध्ये असा आदेश काढला की किरकोळ कर्ज घेणाऱ्या प्रत्येकास त्याला समजणाऱ्या भाषेत मुख्य तथ्यांचे विवरणपत्र द्यावे आणि त्यात सर्व आकार धरून पडणारा वार्षिक दर नमूद करावा. हा आदेश स्तुत्य आहे. पण तो कागद वाचून त्याचा अर्थ लावणारा नागरिक तयार करणे रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत नाही, ते शाळेचे काम आहे, आणि माध्यमिक शाळेत अर्थव्यवहाराचे शिक्षण द्यावे असे मी म्हणतो तेव्हा काटकसरीच्या उपदेशापेक्षा हेच काम माझ्या मनात प्रथम असते.

आपल्याकडे खेड्यापाड्यांत ‘तीन टक्क्यांनी पैसे उचलले’ असे कोणी म्हणाला म्हणजे ते तीन टक्के महिन्याचे असतात, हे मोठ्यांना सांगावे लागत नाही. परंतु आठवीतील विद्यार्थी त्याच कानांनी बँकेचा आठ-नऊ टक्के दर ऐकतो, तो वर्षाचा असतो, आणि सावकार बँकेहून स्वस्त आहे असा ग्रह त्याने करून घेतला तर त्यात नवल नाही. दरमहा शेकडा तीन म्हणजे सरळव्याजाने सालाचे शेकडा छत्तीस, आणि थकलेले व्याज मुद्दलात मिळवीत गेल्यास दोन वर्षांत मुद्दलाची दुप्पट. महिन्याच्या दराची ही रीत फार जुनी आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त दरमहा शेकडा पाच दराने वर्षाअखेर व्याजासह हजार होणाऱ्या रकमेचे मुद्दल विचारले आहे, आणि त्याचे उत्तर 625 आहे, अर्थात एका वर्षाचे व्याज 375.

तिसरा दर दुकानदाराचा, आणि तो सर्वांत फसवा. बारा हजारांची वस्तू, सरसकट दहा टक्के व्याज, बारा हप्ते, हप्ता 1100 रुपये, असा कागद फळ्यावर लिहावा आणि वर्गास विचारावे की खरा दर किती. ‘दहा’ असे उत्तर येईल. मग मुलांकडूनच दर महिन्याची बाकी मांडून घ्यावी: पहिल्या महिन्यात बारा हजार, दुसऱ्यात अकरा, आणि अशी उतरत शेवटच्या महिन्यात एक हजार. सरासरी बाकी साडेसहा हजार भरते, म्हणजे ऋणकोने वर्षभर सरासरीने वापरले साडेसहा हजार आणि व्याज मोजले 1200; दर अठरा टक्क्यांच्या घरात गेला. येथे लागते ती केवळ बेरीज आणि भागाकार. मुले आपल्या हाताने हा आकडा काढतात तेव्हा काही क्षण वर्ग स्तब्ध होतो, आणि मग कोणीतरी घरच्या मोटारसायकलीविषयी विचारतो.

आपल्या पाठ्यपुस्तकांत हा विषय मुळीच नाही असे नाही. आठवीत चक्रवाढव्याज आहे, नववी आणि दहावीच्या गणितात ‘अर्थनियोजन’ हे प्रकरण आहे, त्यात प्राप्तिकर, वस्तू व सेवाकर, शेअर्स, म्युच्युअल फंड, सर्व काही आहे. ज्यांनी हे प्रकरण घातले त्यांचे आपण ऋणी आहोत. तथापि परीक्षेच्या रेट्याखाली त्याची सूत्रे झाली, आणि दलाली काढून शेअरची किंमत बिनचूक सांगणारा विद्यार्थी घरातल्या हप्त्याच्या कागदापुढे मूक राहतो.

येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. मुलाला घरचे कागद वर्गात आणावयास कधीही सांगू नये. कोणाच्या घरात तगादा चालू आहे, कोणाच्या आईने बचत गटाचे कर्ज थकविले आहे, हे चारचौघांत उघडे पडणे कोवळ्या मनास असह्य होते. नमुन्याचे कागद शिक्षकाने आणावेत. गरीब मुलास ‘तुझे आईबाप उधळे’ असे अप्रत्यक्षपणेही सुचविले जाऊ नये. 1875 च्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगानेसुद्धा लग्नकार्यांतील खर्च हे कर्जबाजारीपणाचे मुख्य कारण मानले नाही. पाऊस, सारा आणि तारणाच्या शर्ती यांचे ओझे बचतीच्या डब्याने हलके होत नसते.

आपल्या कायद्याने वयाची 18 वर्षे पुरी होईपर्यंत व्यक्तीचा करार तिच्यावर बंधनकारक नसतो, आणि दहा वर्षांच्या मुलाला मात्र टपाल कार्यालयात स्वतःच्या नावाने बचत खाते उघडून चालविता येते. म्हणजे दहा ते अठरा ही वर्षे अशी आहेत की पैसा हाताळता येतो आणि सहीची चूक अंगाशी येत नाही. दहावीनंतर पुष्कळ मुले शाळेचा उंबरठा कायमची ओलांडतात. म्हणून हे शिक्षण आठवीतच सुरू व्हावे, आठवड्याला एक तास, नव्या पुस्तकाची वाट न पाहता. आणि परीक्षेत सूत्राऐवजी विद्यार्थ्यापुढे कर्जाचे एक छापील विवरणपत्र ठेवावे, वार्षिक दर, एकूण परतफेड आणि हप्ता चुकल्यास होणारा दंड त्याच्याकडून काढून घ्यावा, व शेवटचा प्रश्न असा घालावा की तू यावर सही करशील काय, आणि का. या प्रश्नाला ‘होय’ आणि ‘नाही’ या दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण मिळावेत. तपासावयाची ती कारणे.