परमुलखातील हिब्रूचा वर्ग व आमचे स्नेही

(संताजी जयंतीच्या मेळाव्यात भंडारा येथे केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस परदेशातील अनुभव सांगण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम संकोच वाटला. आम्ही पडलो पवनी तालुक्यातील शाळामास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, आणि उभी हयात मुलांना बाराखडी गिरवायला लावण्यात गेली. परंतु वयाच्या साठीत आम्हांला स्वतःलाच पुन्हा मुळाक्षरे गिरवावी लागली. त्या निमित्ताने जे स्नेही लाभले आणि त्यांनी आमची जी एक खोड मोडली, ती हकीकत समाजापुढे ठेवणे आम्ही कर्तव्य समजतो.

आमचे चिरंजीव शेतीसंशोधनासाठी इस्राएल देशी होते. सन २०१८ च्या हिवाळ्यात आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो व सहा महिने राहिलो. मुलगा व सून सकाळीच कामावर जात. बाहेर पडावे तर दुकानाची पाटीही वाचता येईना. चाळीस वर्षे ज्याने इतरांस वाचावयास शिकविले, त्याने निरक्षर होऊन रस्त्यात उभे राहावे, हा अनुभव मोठा नम्र करणारा होता.

एके दिवशी रामला या गावी आम्ही हिंदी जिनसांच्या दुकानात पोहे घेत होतो. जाड घ्यावे की पातळ, यावर आमचा व सौभाग्यवतींचा वाद चालला होता. तोच मागून आवाज आला, ‘‘वहिनी, पातळच घ्या. मलिद्याला तेच बरे.’’ वळून पाहतो तो ऐंशी उलटलेले एक गृहस्थ हसत उभे! ते बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी यहुदी होते.

या समाजाची थोडी माहिती देणे येथे अवश्य आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे जहाज फुटले व वाचलेली मंडळी तेथेच वसली, अशी त्यांची परंपरा सांगते. पेणकर, रोहेकर, केहिमकर अशी गावांवरून पडलेली त्यांची आडनावे. धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून कोकणात त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर त्यांतील पुष्कळ कुटुंबे तिकडे गेली आणि रामला, लोद, अश्दोद, बेअरशेबा, दिमोना इत्यादी गावी वसली. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी तेथे चालविले.

त्या गृहस्थांना आम्ही काका म्हणू लागलो. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारले, ‘‘गुरुजी, तुम्ही कोण लोक?’’ आम्ही म्हणालो, ‘‘तेली.’’ काकांनी आमचे दोन्ही हात धरले. ‘‘मग आपण भाऊबंदच की! मी शनवारचा, तुम्ही बाकीच्या वारांचे.’’ मग घाण्याच्या गोष्टी निघाल्या. लाट, जू, बैलाची झापड हे सारे शब्द त्यांस पाठ. ते तिळाच्या व खोबऱ्याच्या तेलाचे सांगत, आम्ही जवसाच्या. ते पेंड म्हणत, आम्ही ढेप. एवढाच काय तो फरक.

काकांच्याच ओळखीने आम्हांस हिब्रूच्या एका सायंवर्गात बसावयास मिळाले. नवागतांना भाषा शिकविणाऱ्या अशा वर्गास तेथे उल्पान म्हणतात. पहिला उल्पान १९४९ साली यरुशलेमेत निघाला. नाना देशांतून आलेल्या लोकांस एका भाषेत आणण्याचे काम या वर्गांनी केले. हिब्रूची अक्षरे बावीस. लिहिणे उजवीकडून डावीकडे. स्वर बहुधा लिहीतच नाहीत, ते वाचणाऱ्याने मनाने भरावयाचे. शतकानुशतके मुख्यतः प्रार्थनेत व ग्रंथांत राहिलेली ही भाषा. तिला पुन्हा घरातल्या बोलण्यात आणण्यासाठी १८८१ साली यरुशलेमेस आलेल्या एलिएझर बेन येहुदा यांनी आपले आयुष्य वेचले.

आमच्या बाकावर युक्रेनहून आलेल्या एक वृद्ध परिचारिका व इथिओपियाचा एक तरुण असे सोबती होते. तिघांची समाईक भाषा एकच, मोडकी हिब्रू. बाई आमची अक्षरे तपासीत, तरुण उच्चार सुधारी, आणि आम्ही दोघांस शुद्धलेखनाची शिस्त लावीत असू. एके दिवशी शिक्षिकेने सांगितले, की हिब्रूत बहुतेक शब्द तीन अक्षरांच्या धातूपासून निघतात. मित्राला ‘खावेर’ म्हणतात आणि वहीला ‘माखबेरेत’. दोहोंचा धातू एकच, अर्थ ‘जोडणे’. ते ऐकताच आम्हांस संताजी महाराजांची आठवण झाली. तुकोबांचे अभंग आपल्या वह्यांत उतरून घेणारे आमचे संताजी हे मित्रही होते आणि वहीही होते! आपल्या भाषेतही ‘स्नेह’ म्हणजे तेल व ‘स्नेह’ म्हणजे प्रेम. तेल्याच्या घरी दोहोंचा साठा असावयास हवा.

परंतु तो असतो काय? हा प्रश्न काकांनी आमच्यापुढे उभा केला. ते सांगत होते, ‘‘गुरुजी, इतक्या दुरून धर्मबांधवांत राहायला आलो, तर १९६२ साली धर्मपीठाने फर्मान काढले, की लग्न लावण्यापूर्वी आमच्या लोकांची मागची पिढी तपासा. तुम्ही खरे यहुदी कशावरून? आम्ही बायकामुलांसह यरुशलेमेत जाऊन बसलो. १९६४ च्या ऑगस्टमध्ये तेथल्या लोकसभेने ठराव केला, की हे सर्व बाबतींत इतरांसारखेच यहुदी आहेत. मग वाट सुटली.’’ थोडे थांबून ते म्हणाले, ‘‘पण खरे सांगू? कोकणात आमच्यातही गोरे इस्राएल व काळे इस्राएल होते. त्यांच्यात सोयरीक होत नसे. जे आम्ही यरुशलेमेत मागत होतो, ते घरच्या माणसाला दिले नव्हते. तुमच्यात असे काही नाही ना?’’

आम्ही खाली मान घातली. १९८९ साली आमच्या धाकट्या बहिणीसाठी एक उत्तम स्थळ आले होते. मुलगा शिक्षक, निर्व्यसनी, बहिणीच्या मनास आलेला. आम्ही ते परतविले, कारण आम्ही एकबैली व ते दोनबैली. त्यांच्या आजोबांच्या घाण्याला दोन बैल जुंपीत व आमच्या एक, एवढाच भेद! त्या वेळी दोन्ही घरांत घाणाही नव्हता आणि बैलही नव्हता. घाणा मोडला, बैल गेले. झापड तेवढी आमच्या डोळ्यांवर राहिली.

त्या रात्री आम्ही बहिणीस पत्र लिहून क्षमा मागितली. तिचा फोन आला. म्हणाली, ‘‘भाऊ, माझं झालं ते झालं. माझ्या पोरीच्या वेळी मात्र असं म्हणू नका.’’ २०२१ साली त्या भाचीचा विवाह दुसऱ्या पोटजातीत झाला. अक्षता टाकताना आमचे डोळे भरून आले. तोवर काका हे जग सोडून गेले होते, म्हणून ही वार्ता त्यांस कळविता आली नाही. पुढे २०२३ च्या ऑक्टोबरपासून युद्धाने त्या भूमीवरील दोन्हीकडच्या असंख्य घरांत दुःख आणले. परिचारिकाबाईंची खुशाली फोनवर कळली. तिचे पहिले वाक्य होते, ‘‘खावेर, वही जपून ठेवली आहे ना?’’ आम्ही ती जपून ठेवली आहे.

असो. भाषणाचा समारोप एका विनंतीने करतो. आपल्या मंडळाच्या वधूवर परिचय-पत्रकात ‘पोटजात’ असा एक रकाना आहे. पुढील वर्षीच्या पत्रकातून तो काढून टाकावा, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे मांडीत आहोत. लेखी अर्जावर पहिली सही आमची आहे. दुसरी आमच्या बहिणीची. उरलेल्या ओळी आपल्यासाठी मोकळ्या सोडल्या आहेत.