गोगीचे युरेनियम : उष्ण जलाचे कार्य व खनिजाचे मूल्य

(बेंगळुरू येथे स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



महाराष्ट्रातील घराघरांत दिसणारी शहाबादी फरशी उत्तर कर्नाटकातील भीमा खोऱ्याच्या चुनखडकातून येते. हा चुनखडक आणि त्याखालील अतिप्राचीन ग्रॅनाइट यांना छेदणाऱ्या एका प्रस्तरभंगालगत, गोगी या गावी, १९९० च्या दशकात अणुऊर्जा विभागाच्या भूवैज्ञानिकांना युरेनियम आढळले. गोगी तेव्हा गुलबर्गा जिल्ह्यात होते. २००९ च्या अखेरीपासून ते यादगीर जिल्ह्यात आहे.

सर्वसाधारण ग्रॅनाइटच्या एका टनात सुमारे ४ ग्रॅम युरेनियम असते. बेंगळुरूच्या लालबागेतील प्रसिद्ध खडक ग्रॅनाइटचाच जवळचा आप्त. त्यातही ते अल्पांशाने असणारच. तरीही लालबाग कोणी खोदत नाही. ‘धातुक’ ही संज्ञा केवळ भूशास्त्रीय आहे असे अनेक परीक्षार्थी समजतात. वस्तुतः ती निम्मी अर्थशास्त्रीय आहे : ज्यातून धातू काढणे परवडते, तेच धातुक.

विखुरलेले हे ग्रॅम एकत्र आणण्याचे काम निसर्गात उष्ण जल करते. प्रस्तरभंगामुळे ग्रॅनाइट चिरडला जातो व त्याच्या भेगांतून शंभर-दोनशे अंश सेल्सियस तापमानाचे क्षारयुक्त पाणी फिरू लागते. फेल्स्पारचे मृत्तिका-खनिजांत आणि काळ्या अभ्रकाचे हिरवट क्लोराइटमध्ये रूपांतर होते. लोहाच्या ऑक्सिडीकरणाने खडकास लाली चढते. झिरकॉनसारख्या चिवट खनिजात अडकलेले युरेनियम सहसा सुटत नाही. सैल बांधलेले मात्र सुटते. ऑक्सिजनयुक्त पाण्यात ते कार्बोनेटशी संयोग पावून दूरवर वाहते. वाटेत पायराइट किंवा सेंद्रिय द्रव्य भेटले की क्षपण होते, विद्राव्यता संपते आणि पिचब्लेंड वा कॉफिनाइट या रूपांत युरेनियम भेगांत साचते. गोगीला चिरडलेला ग्रॅनाइट आणि चुनखडक अशा दोहोंत हे खनिजीभवन आहे. फ्रान्समधील लिमूझँ प्रदेशात १९४८ मध्ये सापडलेले साठे याच कुळातील. तेथे तर उष्ण जलाने ग्रॅनाइटमधील क्वॉर्ट्झही विरघळवून पोकळ्या केल्या होत्या. फ्रान्समधील युरेनियमचे खाणकाम २००१ मध्ये थांबले.

गोगीच्या धातुकाची प्रत ०.१ टक्क्याहून अधिक आहे; म्हणजे टनामागे एक किलोग्रॅमच्या वर, सामान्य ग्रॅनाइटच्या अडीचशे पटींहून जास्त. झारखंडमधील जादूगुडाची प्रत याहून बरीच कमी. कॅनडात काही ठिकाणी ती दहा टक्क्यांवर जाते, हे पाहता आपले समाधान बेताचेच असावे. २००८ मध्ये अणुपुरवठादार गटाने सवलत दिल्यापासून भारत युरेनियम आयात करू शकतो. मात्र आयात इंधन आंतरराष्ट्रीय देखरेखीखालील अणुभट्ट्यांतच वापरता येते; उरलेल्यांसाठी देशी युरेनियमच लागते. म्हणून गोगीचे मूल्य केवळ बाजारभावावरून ठरत नाही.

या हिशेबाची दुसरी बाजू पाण्याची आहे. गोगीत पूर्वेक्षणासाठी भुयारी खोदकाम झाले, तेव्हा ग्रामस्थांनी विहिरींविषयी शंका उपस्थित केल्या. त्या अज्ञानमूलक म्हणून झटकणे शास्त्राला धरून नाही. ज्या विद्राव्यतेने साठा घडला, तीच आजच्या भूजलातही कार्यरत असते. खाण नसलेल्या गावांतही ती दिसते. पूर्व कर्नाटकातील ७३ गावांच्या भूजलाची तपासणी बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ५७ गावांत युरेनियम लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम या जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेपेक्षा अधिक होते. त्यामुळे खाणीपूर्वी प्रत्येक विहिरीची मोजणी होऊन ती ग्रामपंचायतीत लावली गेली पाहिजे. अन्यथा नैसर्गिक युरेनियम कोणते आणि खाणीमुळे आलेले कोणते, हा वाद पुढे न्यायालयातही सुटणार नाही, आणि नुकसानभरपाईचा आकडा कोणालाच मांडता येणार नाही.