उन्हाळ्यात खाऱ्या पाण्याची टाकी गार कशी ठेवायची?



आपल्या किनारपट्टीवर आता काही बचत गट शोभेचे समुद्री मासे वाढवतात. पोरं ज्याला ‘निमो’ म्हणतात तो नारिंगी अंगाचा, पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाऊन मासा त्यातला मुख्य. ठाणे खाडीकाठी ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथे या माशांची पिल्लं तयार करून किनाऱ्यावरच्या गटांना वाढवायला देण्याचं काम झालं आहे. आम्हीही खाडीकाठच्या अशाच एका गटातल्या बायका. मासळी निवडणं, सुकवणं, बाजारात नेणं आम्हाला लहानपणापासून ठाऊक. पण मासा विकेपर्यंत जिवंत ठेवायचा, तोही एप्रिल-मेच्या उकाड्यात, हे काम निराळं आहे. एक दुपार हातची गेली तर अख्खी बॅच जाते, आणि कर्जाचा हप्ता तर थांबत नाही. म्हणून आज टाकी गार ठेवण्याचे घरगुती उपाय सांगतो.

क्लाऊन माशाला २६ ते २८ अंशांचं पाणी मानवतं. तीसच्या वर गेलं की तो पृष्ठभागाशी येतो, कल्ले भराभर हलवतो, खाणं टाकतो. कारण असं, की पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. खाऱ्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे साधारण पावणेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना सव्वासहाच. गोड्या पाण्यापेक्षा खाऱ्यात तो मुळातच कमी मावतो. आणि नेमकी उष्ण पाण्यातच माशाला त्याची गरज जास्त लागते. कुणी म्हणेल, मे महिन्यात समुद्रही तापतोच की! तापतो, पण सावकाश. शंभर लिटरची टाकी सकाळी २७ आणि दुपारी ३२ होते. ही चढउतार माशाला सोसत नाही.

शहरात यासाठी चिलर नावाचं यंत्र लावतात. ते महाग, त्याला वीज फार लागते, आणि वीज गेली की तेही गप्प. आमचा अनुभव असा, की आत आलेली उष्णता बाहेर काढण्यापेक्षा ती आत येऊ न देणं स्वस्त पडतं.

म्हणून पहिलं काम जागेचं. टाकी पत्र्याच्या खोलीत किंवा पश्चिमेच्या भिंतीला लावू नका. माजघरासारखी सावलीची, हवेशीर खोली बघा. पत्राच असेल तर त्यावर माडाच्या झावळ्यांचा थर टाका किंवा वरून चुना मारा. खिडकीला ओलं गोणपाट लावा. टाकीवरचा दिवा दुपारी १२ ते ४ बंद ठेवा. जुनी ट्यूब असेल तर एलईडी लावा, ती कमी तापते. पाण्यात बुडवलेला पंपही पाणी तापवतो, म्हणून गरजेपेक्षा मोठा पंप नको. काचेचं झाकण काढून मच्छरदाणीची जाळी ताणून बसवा. वाफ बाहेर जाते, आणि मासा उडी मारून बाहेर पडत नाही.

दुसरं काम वाऱ्याचं. माठातलं पाणी गार का होतं? माठ पाझरतो, पाझरलेल्या पाण्याची वाफ होते आणि वाफ जाताना उष्णता घेऊन जाते. टाकीवर पंख्याचा वारा तिरका सोडला की हेच घडतं. एक लिटर पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता निघून जाते, तेवढ्यात शंभर लिटर पाणी पाच-सहा अंशांनी उतरू शकतं. प्रत्यक्षात खोलीतून उष्णता येतच राहते, म्हणून फरक कमी पडतो. त्यातून आपली कोकणची हवा दमट. विदर्भात माठ जितका गार होतो तितका आपल्याकडे होत नाही, तसंच पंख्याचं. आपल्याला एक-दोन अंश मिळाले तरी पुष्कळ. दारं-खिडक्या बंद करून पंखा लावला तर तीच दमट हवा फिरत राहते, म्हणून खोली उघडी ठेवा.

इथे एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा. वाफ होते ती पाण्याची, मीठ टाकीतच राहतं. तूट भरायला खारं पाणी घातलं तर खारेपणा दिवसागणिक वाढतो. म्हणून भर नेहमी गोड्या पाण्याची. काचेवर बाहेरून पट्टी चिकटवून पातळीची खूण करा आणि रोज सकाळी त्या खुणेपर्यंत थोडं थोडं पाणी घाला. नळाच्या पाण्यात जंतुनाशक पावडर असते. ते उघड्या बादलीत एक-दोन दिवस ठेवून मगच वापरा.

तिसरा उपाय बर्फाचा. सुटा बर्फ टाकीत कधी टाकू नका. तो वितळून खारेपणा मोडतो, आणि तो कुठल्या पाण्याचा हे आपल्याला माहीत नसतं. पिण्याच्या पाण्याची प्लॅस्टिकची बाटली स्वच्छ धुवा, पाऊण भरा, बूच घट्ट लावून गोठवा आणि तरंगत सोडा. पूर्ण भरली तर बर्फ फुगून बाटली फुटते. फिनेलची किंवा औषध फवारणीची बाटली चुकूनही घेऊ नका. एक किलो बर्फाने शंभर लिटर पाणी साधारण एक अंश उतरतं. फ्रिजमधल्या नुसत्या गार पाण्याच्या बाटलीने पाव अंशच उतरतं, म्हणून बर्फच हवा. पण घाई नको. एका वेळी एकच बाटली, आणि तासाला एक अंशापेक्षा जास्त उतरवायचं नाही. पाणी ३२ वर गेलं म्हणून चार बाटल्या एकदम सोडल्या, तर उकाड्याने न मेलेला मासा गारठ्याच्या धक्क्याने मरेल. बाटल्यांचे दोन संच ठेवा, एक टाकीत, एक फ्रिजमध्ये.

कुणी तांब्याची नळी गुंडाळून त्यातून गार पाणी फिरवायची युक्ती सांगेल. ती ऐकू नका. खाऱ्या पाण्यात तांबं उतरतं. त्याने कोळंबी, शंख, समुद्रफुलं मरतात, माशालाही ते बाधतं.

आता वीज गेली तर? गेल्या एप्रिलमध्ये आमच्याकडे भर दुपारी चार तास वीज नव्हती. आम्ही पाळ्या लावल्या. प्लॅस्टिकच्या मगाने टाकीतलंच पाणी उचलायचं आणि वीतभर वरून परत ओतायचं, दर काही मिनिटांनी. पडताना पाणी हवा घेऊन जातं. त्या दिवशी खाणं घातलं नाही. खाल्लेलं पचवायला माशाला प्राणवायू लागतो, उरलेलं कुजतानाही तो संपतो. हात भरून आले, पण मासे राहिले. आता गटाने बॅटरीवर चालणारा छोटा हवापंप घेतला आहे. आमच्या हिशेबात पहिल्या नफ्यातली ती सर्वांत शहाणी खरेदी.

मैत्रिणींनो, खारं पाणी आणि वीज ही जोडी जिवावर बेतणारी आहे. पंखा टाकीच्या कडेवर टेकवू नका, भिंतीला पक्का बसवा. वायर बोर्डाकडे जाताना खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी बोर्डात न जाता झोलावरून खाली पडतं. टाकीत हात घालण्याआधी बटणं बंद करा. गळती झाली की आपोआप वीज तोडणारं बटण वायरमनकडून बसवून घ्या.

शेवटचं, वहीचं. टाकीत थर्मामीटर ठेवा आणि सकाळी ७ व दुपारी ३ वाजता आकडा लिहा. आठवड्याभरात कळतं, आपली टाकी कधी तापते आणि कोणत्या उपायाने उतरते. दुपारची वेळ आपल्या जराशा आडवं होण्याची, म्हणून ती पाळी नेहमी एकाच वहिनीच्या गळ्यात पडू देऊ नका. बैठकीत पाळ्या ठरवा, नावं वहीत लिहा. पैसा सगळ्यांचा, तर दुपारही सगळ्यांची.

होळी झाली की ऊन चढू लागतं. झावळ्या, बाटल्या, पंखा आणि वही त्याआधीच तयार ठेवा. तुमच्या गटात आणखी काही युक्ती चालत असेल तर केंद्रावर कळवा. आम्हालाही ती ऐकायची आहे.